माळ नांगरावा का मेंढरं फिरवून चारावीत? माण-आटपाडी-जतकडच्यांनी सांगा जरा

माळावरचा | ११ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. गाव माणमधलंच, म्हसवडच्या अलीकडं, नाव सांगत नाय कारण निम्मं गाव हितं वाचत बसतं.

माझ्याकडं ११ एकर माळ आहे. नांगर कधी लागलेला नाय, वर चार-सहा बोटं माती आन खाली मुरूम. चाळीस मेंढरं, दोन खिलार गाया, आठ शेळ्या. लहान असताना ह्याच माळावर गुडघ्याएवढं पवन्या गवत बघितलंय, आता नुस्तं कुसळ, तरवड आन गाजर गवत, आणि मार्च उजाडला की टक्कल. आबा म्हणतात जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी आज ना उद्या येतंयच, जेसीबी लावून सपाट करू, डाळिंब लावू, मेंढरं विकून टाक. माझं मन होईना. यूट्यूबवर ते रोटेशनल ग्रेझिंगचे, म्हंजे तुकड्यातुकड्यानं फिरवून चारायचे व्हिडिओ बघितले, गोरे लोक हिरव्यागार रानात तार सरकवत फिरतायत, पण आपल्याकडं ४५०-५०० मिमी पावसात हे चालतं का? नुस्तं "प्रयत्न करून बघा" म्हणू नका राव, कुणी केलं असेल तर सांगा.

आटपाडीकर | ११ मे, रात्री ११:१५

डाळिंबाचं आधी बोलतो. मुरमाड रानात डाळिंब येतं, मान्य, आमचा अख्खा तालुका त्यावर वर आला. पण तेल्या आन मर रोगानं किती बागा काढून टाकल्या तेही आम्हीच बघितलंय. ११ एकर एकदम उलथायचा असेल तर पाणी दारात आल्यावर उलथ, येतंय येतंय म्हणत असताना नको. माळ एकदा फोडला की वरची चार बोटं माती दोन वळवात ओढ्याला जाते, मग गवत पण गेलं आन डाळिंब पण गेलं. एखाद-दोन एकर कर की बाग, आबांचं पण मन राहील.

शंकासुर | १२ मे, सकाळी ७:०५

हे रोटेशनल वगैरे ऐकायला बरं वाटतं. तो अॅलन सेव्हरी म्हणून झिम्बाब्वेचा माणूस आहे, २०१३ साली त्याचं टेड टॉक फार गाजलं होतं, की म्हणे जनावरं दाटीनं कळप करून फिरवली तर वाळवंट हिरवं होतं आणि हवामानबदलसुद्धा उलटा फिरवता येतो. त्यावर गवताळ रानांचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी लोकांनी हरकती घेतल्या की एवढा मोठा दावा पुराव्यात बसत नाही. कोरड्या भागात सगळा खेळ पावसाचा, कुंपण कुठं सरकवलं त्यानं काय फरक पडतो? जनावरं कमी करा, संपला विषय.

जतची_सून | १२ मे, सकाळी ९:३०

शंकासुर दादा, निम्मं बरोबर आहे तुमचं. हवामान उलटं फिरवायचं राहू द्या, आमचा दुधाचा कॅन भरला तरी पुरे 😀 पण जनावरं कमी करा हेही निम्मंच आहे. समजा चाळीसची वीस मेंढरं केली आणि तीच वीस ११ एकरावर मोकाट सोडली. ती कुठं चरणार? जिथं काल चरली तिथंच, कारण तिथं कोवळं फुटलेलं असतं. जून, निबर गवताकडं ढुंकून बघत नाहीत. म्हणजे चांगल्या गवताचं ठोंब रोज ओरबाडलं जातं आणि कुसळ आरामात बी टाकतं. मेंढरं निम्मी केलीत तरी त्या एका ठोंबाला विसावा मिळतच नाही. गवत एकदा चरल्यानं मरत नाही हो, सावरायच्या आत पुन्हा तोंड लागलं की मरतं.

आमच्याकडं पाच एकरात करतोय, चार वर्षं झाली. सासरे पहिल्या वर्षी बोलायचे बंद झाले होते माझ्याशी.

माळावरचा | १२ मे, सकाळी ९:५२

ताई हेच पाहिजे होतं. नेमकं काय केलं ते पहिल्यापासनं सांगा. आणि सासरे आता बोलतात का 😅

जतची_सून | १२ मे, दुपारी २:१०

बोलतात. त्यांनाच आता तार सरकवायची घाई असते.

पहिलं काम एकच केलं, पहिल्या पावसानंतर रान बंद. जून-जुलैत माळावर एकही तोंड नाही. सगळ्यात अवघड हेच, कारण हिरवं दिसायला लागलेलं असतं आणि घरातला कडबा संपत आलेला असतो. पण तो पहिला कोंब मुळातल्या साठ्यावर येतो, गवताची जणू शिल्लक रक्कमच ती. आठ दिवसांत जनावरानं ती खाल्ली की मुळाकडं परत फुटायला काही राहत नाही. म्हणून घरामागचा एक तुकडा आम्ही मुद्दाम बळीचा बकरा ठरवला. तिथं जनावरं बांधायची, कडबा, बाजरीचं सरमाड, जे असेल ते टाकायचं, तो तुकडा खराब झाला तर होऊ दे.

मग गवत वीतभर झालं की एका तुकड्यात सोडायचं आणि चार बोटं राहिलं की काढायचं. निम्म्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ थांबायला लागते, आणि मुळं आखूड झाली की आपल्यासारख्या ठिकाणी पंधरा दिवसांच्या उघडिपीतच गवत वाळतं. वर किती दिसतंय त्याच्या मागं लागू नका, खाली किती आहे ते बघा. कुदळीनं एक ठोंब काढा, चांगलं चरलेलं आणि ओरबाडलेलं शेजारी शेजारी ठेवा, आमच्याकडं फरक हातभर आणि बोटभर असा निघाला.

दुसरं म्हणजे स्टायलो टाकलं. द्विदल आहे, नत्र धरतं, उन्हाळ्यात पण जरा हिरवं राहतं. बी कडक असतं, पाणी उकळी यायच्या आत उतरवायचं, त्यात तीन-चार मिनिटं बी ठेवायचं, मग रात्रभर गार पाण्यात. मी पहिल्या वर्षी तसंच फेकलं होतं, निम्मंसुद्धा उगवलं नाही. खोल पुरू नका, वरच्यावर. आणि मारवेल गवत, राहुरी विद्यापीठाचं फुले मारवेल मिळतं, त्याचे ठोंब लावायचे बांधाकडनं सुरुवात करून.

वाघरवाला | १२ मे, रात्री ८:२०

ताईंनी सांगितलं ते समदं खरं हाय पर ह्यात नवं काय न्हाय. आमचं आज्जं दिवाळी झाली की मेंढरं घिऊन जगायला जायचं, कृष्णाकाठाला उसाच्या रानात, कुणी कोकणात उतरायचं, आन पाऊस लागला की माघारी माणदेशात. आठ म्हयनं माळ रिकामा. त्येच रोटेशन की ओ, फकस्त तार नव्हती आन इंग्लिश नाव नव्हतं. आता काय झालंय, मधल्या वाटा बुजल्या, गायरानात कुणी घर बांधलं कुणी ऊस लावला, जायला जागा न्हाय म्हणून मेंढरं बारा म्हयनं गावातच. मग माळ कसा टिकंल.

आन एक सांगतो, गावानं चराईबंदी केली की पयला दांडका आमच्याच पाठीत. हिवरे बाजारला केली, त्येंचं सोनं झालं, पर त्यांनी चारा कापून न्यायची वाट ठिवली. आमच्याकडं नुस्ता बोर्ड लावला, पर्याय कायच न्हाय दिला, मग पोरं रातीची मेंढरं घालत्यात आन भांडणं. म्हणून म्हणतो, बंदी करा पर पाळीपाळीनं करा, ह्या वर्षी ह्यो डोंगर, फुडल्या वर्षी त्यो.

कृष्णाकाठ | १२ मे, रात्री ९:०२

+१. आमच्या वाळव्याकडं अजून ऊस तुटला की मेंढरं बसवतात शेतात, रात्रीच्या हिशोबानं पैसे किंवा धान्य देऊन. लेंडी-मूत जागच्या जागी पडतं आणि खुरानं मातीत जातं, ट्रॉलीनं खत आणून पसरण्यापेक्षा स्वस्त. माळावरचा भाऊ, तू पण वाघर (मेंढरं कोंडायचं जाळं) रोज एकाच जागी लावू नकोस. गोठ्यापाशी लेंड्यांचा ढीग आणि माळ उपाशी असं करतो आपण सगळे. रातचा वाडा दर दोन-तीन दिवसांनी वीस पावलं सरकव, जिथं नुस्ता मुरूम उघडा पडलाय तिथं.

सातारी_तडका | १३ मे, सकाळी ६:४८

आमच्या जावळी-पाटणकडं वेगळीच तऱ्हा. फेब्रुवारी-मार्चला डोंगर पेटवायचा, का तर म्हणे नवीन गवत जोमानं येतं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिमी आणि माणला पाचशे, पण वणवा दोन्हीकडं. काळ्या राखेवर हिरवा कोंब उठून दिसतो म्हणून जोमाचा वाटतो हो. वाळलेल्या पाल्यातला नत्र धुरात जातो, जमीन उघडी पडते, आणि पहिला वळीव आला की राख-माती सगळं कोयनेत.

विषय भरकटला असेल तर सॉरी.

माळावरचा | १३ मे, सकाळी ७:३०

अजिबात नाय भरकटला, आमच्याकडं पण गेल्या वर्षी कुणी बिडी टाकली आन तीन एकर गेलं.

काल रात्री झोप नाय लागली म्हणून सकाळी एक उद्योग केला. ऑइलपेंटचा रिकामा डबा, तळ कापून काढला, दोन बोटं जमिनीत ठोकला आन लिटरभर पाणी ओतलं. एकदा उघड्या माळावर, एकदा म्हसोबाच्या भोवती जिथं काटेरी कुंपण आहे आन वर्षानुवर्षं जनावर गेलेलं नाय. कुंपणात पाणी सहा मिनिटांत गडप. उघड्यावर ४० मिनिटं झाली तरी डब्यात बोटभर पाणी तसंच, मग मलाच कंटाळा आला. एकाच माळाच्या दोन बाजू, मधी बारा पावलं अंतर. म्हणजे पाऊस ५०० पडतोय पण माझ्या माळावर मुरतोय किती?? आबांना बोलवून दाखवलं, ते काय बोलले नाहीत, डबा हातात घेऊन परत एकदा स्वतः ठोकून बघितला.

शंकासुर | १३ मे, सकाळी ८:११

हे मात्र आवडलं. पण कुंपणात चराई पूर्ण बंद आहे. म्हणजे यावरनं बंदी सिद्ध होते, फिरवणं नाही.

जतची_सून | १३ मे, सकाळी ११:४०

बरोबर पकडलंत. पण त्या कुंपणात गवत कसलं आहे तेही विचारा त्याला. पूर्ण बंद ठेवलं की आठ-दहा वर्षांत जुनं वाळकं गवत ठोंबावरच उभं राहतं, आतला कोंब गुदमरतो, मग घाणेरी आणि बाभूळ शिरते. गवताला जनावर पाहिजेच, फक्त पाहुण्यासारखं यावं आणि जावं.

माळावरचा | १३ मे, दुपारी १२:०५

बरोबर आहे ताई, कुंपणात निम्मी घाणेरी आहे.

जनावरांचा_डॉक्टर | १३ मे, रात्री ९:४४

व्हेटरनरी बाजूनं चार गोष्टी, कारण गवताच्या नादात जनावर मरायला नको.

पावसाळ्यात जंतांची अंडी लेंडीतनं पडली की साधारण आठवड्याभरात त्यांच्या अळ्या गवतावर चढतात, त्याही खालच्या दोन इंचात जास्त. म्हणून एका तुकड्यात चार-पाच दिवसांच्या वर थांबूच नका आणि गवत मुळापर्यंत खाऊ देऊ नका. चार बोटांचा नियम गवतासाठी आहे तेवढाच मेंढीच्या पोटासाठी पण आहे. सकाळी दव असताना सोडू नका. हे पाळणाऱ्यांकडं जंताचं औषध कमी लागलेलं मी बघितलंय. सरसकट दर महिन्याला पाजत बसू नका, औषध लागू पडायचं बंद होतं.

आंत्रविषाराची लस पावसाआधी, म्हणजे आत्ताच. सुक्या चाऱ्यावरनं एकदम कोवळ्यावर गेलं की धष्टपुष्ट कोकरूच आधी जातं, संध्याकाळी उड्या मारत होतं आणि सकाळी मेलेलं, असं सांगत लोक येतात.

कुसळ फुलायच्या आत चारून घ्या. एकदा सुई आली की ती लोकरीतनं कातडीत घुसते, मी ऑगस्ट-सप्टेंबरात मेंढीच्या मानेखालनं चिमट्यानं काढत बसतो, एकेकीला पंधरा-वीस. तोंडात पण जखमा होतात, मग मेंढी चरत नाही आणि मालक म्हणतो करणी केली.

आणि संख्येबद्दल. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी देणारी नारी सुवर्णा मेंढी तयार केली ती सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतलं जनुक आपल्या दख्खनीत आणून. कमी मेंढ्या आणि जास्त कोकरं हा हिशोब माळाला परवडतो. पण जुळी पाजायला आईला गवत चांगलं लागतं, ओसाड माळावर जुळी म्हणजे दोन मरतुकडी कोकरं. आधी माळ, मग जात.

वाघरवाला | १३ मे, रात्री १०:०१

डाक्टर, जुळी बिळी ठीक हाय पर माडग्याळ जातीच्या नराचा भाव बघितला का 😂

जनावरांचा_डॉक्टर | १३ मे, रात्री १०:०६

बघितला. त्या भावात माझी मोटरसायकल येते. मला नाही परवडत, तुम्हीच घ्या.

माळावरचा | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

मंडळी, धागा वर काढतोय. जूनपासनं माळ बंद ठेवला. घरामागचे दोन एकर बळीला, तिथं नुस्ता चिखल आन लेंड्या. कडबा विकत घ्यावा लागला, ते दुखलं. आबा रोज सकाळी हिरव्या माळाकडं बघायचे आन मग माझ्याकडं.

राहिलेल्या नऊ एकराचे एकेक एकराचे नऊ तुकडे केले, आखणी चुन्यानं. आज हिशोब केला, चुकला असेल तर सांगा. मीटर बाय मीटरची काठ्यांची चौकट करून पाच ठिकाणी गवत कापलं, पत्र्यावर कडक वाळवलं, सरासरी १३० ग्रॅम. एकरात अंदाजे ४००० चौरस मीटर, म्हणजे ५२० किलो. निम्मं माळाला ठेवायचं, राहिलं २६०. माझ्या जनावरांचं सुक्यात धरलं तर मेंढरं ४० किलो, दोन गाया मिळून १५, शेळ्या ६-७, रोजचं ६२ च्या आसपास. म्हणजे एकराला चार दिवस आन नऊ तुकड्यांना ३६ दिवस. पहिल्या तुकड्यावर परत येईपर्यंत त्याला ३२ दिवस विसावा.

पण मग पुढं काय? असे दोन फेरे झाले की दिवाळी आली. वर्षभराचं गणित काय बसत नाय.

वाघरवाला | १० ऑगस्ट, रात्री ९:४१

न्हाईच बसनार. म्हणून तर आज्जं जगायला जायचं! आता कागदावर कळलं तुला 😄

जतची_सून | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

हिशोब बरोबर आहे. आपल्याकडचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, त्यामुळं दुसरा फेरा पहिल्यापेक्षा जड मिळेल. तरी उन्हाळ्याचं वेगळंच बघावं लागतं. विहिरीपाशी पाच-दहा गुंठे फुले जयवंत गवत लावा गायांसाठी, आणि नको असलेले नर दिवाळीआधी विका, उन्हाळ्यात हाडं करून विकण्यापेक्षा.

कृष्णाकाठ | १० ऑगस्ट, रात्री १०:२२

वाघर घालून थांबवतोस का तार?

माळावरचा | १० ऑगस्ट, रात्री १०:५०

रात्री वाघर, दिवसा सोलरचं झटका मशीन, एक पदरी तार. पहिले आठ दिवस नुस्ता तमाशा. गाया एका झटक्यात शहाण्या झाल्या, मेंढरं बिनधास्त तारेखालनं. लोकरीला शॉक लागतच नाय! मग तार गुडघ्याच्या खाली आणली, नाकाला लागेल अशी, आन जोडीला दुसरी. तरी कमी पडायचं, मग लक्षात आलं मुरमात अर्थिंगच होत नाय. अर्थिंगच्या सळईभोवती खड्डा केला, मीठ-कोळसा घातला, रोज तांब्याभर पाणी. आता मेंढरांचा कळप तारेच्या हातभर अलीकडं थांबतो. शेळ्यांचं विचारू नका, त्या उडीच मारतात, त्यांना दोरीनं बांधतो तरवडाला.

माळावरचा | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

शेवटचं अपडेट देतो, आधी चूक कबूल करतो. पाच नंबरच्या तुकड्यात असताना गौरी-गणपतीला बायकोच्या माहेरी गेलो, पोरांना सांगून गेलो चार दिवसांनी तार हलवा. आलो नवव्या दिवशी. मेंढरं तिथंच, गवत जमिनीसरशी, पोरं मोबाईलवर. काय बोलणार, मीच नऊ दिवस बसलो होतो पाहुणचार घेत.

आता परतीचा पाऊस होऊन गेल्यावर वरच्या टेकाडावरनं बघितलं तर पाच नंबर रांगोळीसारखा वेगळा दिसतोय. चार आन सहामधी गवत मांडीला लागतंय, पाचमधी घोट्यापर्यंत आन मधी मधी तांबडा मुरूम. पाऊस तोच, मेंढरं तीच. डब्याचा प्रयोग परत केला, सगळीकडं सांगण्यासारखा फरक नाय, एका पावसाळ्यात माती काय बदलत नाय म्हणा. पण चार नंबरात शेणाचा पो उचलला तर खाली शेणकिड्यांनी पोखरून चाळण केलेली, हे बऱ्याच वर्षांनी बघितलं. कुसळ आहेच अजून. पवन्या तीन ठिकाणी सापडलं, तिथं काठ्या रोवून ठेवल्यात.

आबांनी डाळिंबाचा विषय एक एकरावर आणलाय, तोही बळीच्या तुकड्यात, कारण "तिथं तुझ्या मेंढरांनी खत घातलंयच." नऊ नर विकले, राहिली ३१.

शंकासुर | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१०

चुकून का होईना पण पाच नंबरनं तू माझ्या मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. एकाच वर्षाचं आहे, एकाच माळावरचं आहे, तरी पण. पुढच्या वर्षीचे आकडे पण टाक, ग्रॅममधे.

वाघरवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३५

पाच लंबरात आता रातची वाघर लाव थंडीभर, सरकवत सरकवत. आन येत्या साली तिथं पाऊस लागला की सोडू नको, दिवाळीपातूर बंद.

माळावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:५२

तेच करतो. त्यात बांधाकडनं मारवेल लावायचा विचार आहे, ओल आहे तोवर. ठोंब कुणाकडं मिळतील का? आटपाडीच्या अलीकडं असेल तर मोटरसायकलवर आणीन.

आटपाडीकर | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

आमच्या बांधाला हाय मायंदाळ. रविवारी सकाळी ये, दोन पोती आण, ओली करून. खुरपं माझ्याकडं हाय.